काचेच्या बरणीतील हंसराज

उज्जैनच्या जुन्या वस्तीतील मराठी वाड्यांच्या मागच्या चौकात विहीर किंवा आड असे, आणि आत डोकावून पाहिले असता दगडांच्या सांध्यांतून हंसराज उगवलेला दिसे. तो कोणी लावलेला नसे. काळ्या, चकचकीत तारेसारखे देठ, त्यांवर नाजूक हिरवी पाने, आणि वरून ठिबकणारे पाणी पानावर न थांबता घरंगळून जाणारे. राजधानी १८१० साली दौलतराव शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरकडे गेली, तरी पुष्कळ मराठी घराणी क्षिप्रेकाठीच राहिली. आणि त्यांच्या सुनांनी पोहरा सोडताना हा हंसराज पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. नेच्यांच्या कुळातील ही वनस्पती. तिला फूल नाही, बी नाही. वाऱ्यावर उडणाऱ्या सूक्ष्म बीजुकांतून ती ओल्या चुन्याच्या भिंतीवर रुजते. जुन्या बांधकामातील चुना तिला विशेष मानवतो.

आता समजावे की, अशा एका घरातील आजींचा वाडा विकला गेला आणि कुटुंब शहराच्या दक्षिणेस, नानाखेड्याच्या बसस्थानकापासून जवळ एका इमारतीत राहावयास आले. घर नवे, हवेशीर, पण अंगण नाही, चौक नाही. आजींनी निघताना विहिरीच्या कठड्याखालचा हंसराजाचा एक गड्डा, मुळाशी चिकटलेल्या चुन्याच्या खपलीसकट, काढून आणला. लोणच्याची जुनी मोठी काचेची बरणी रिकामी होती. तिच्या तळाशी खडे, त्यावर कोळशाचा चुरा, त्यावर माती, आणि मातीत हा गड्डा बसविला. वरून झाकण. वाड्यातील दुसरी कोणतीही जिवंत वस्तू नव्या घरी आली नाही, म्हणून बरणी दिवाणखान्यात, सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा कोपऱ्यात ठेवली गेली.

पहिला महिना ठीक गेला. दुसऱ्या महिन्यात नवे देठ लांबच लांब, बारीक, खिडकीकडे मान वळवलेले असे येऊ लागले. पाने लहान आणि एकमेकांपासून दूर. तिसऱ्या महिन्यात जुनी पाने एकेक करून तपकिरी पडली. आजींनी पाणी वाढविले. त्याने मुळे कुजण्याची भीती तेवढी वाढली.

कॉलेजात शिकणारी नात म्हणाली, "आजी, हिला उजेड कमी पडतो आहे. आपण दिवा लावू या."

आजींचे उत्तर मोठे मार्मिक होते. "अगं, हा विहिरीतला आहे. अंधारातच वाढलेला. त्याला कसला दिवा?"

काचेतील बाग, जिला हल्ली टेरेरियम म्हणतात, ती बाळगणाऱ्या बहुतेकांची चूक आजींच्या या एका वाक्यात आली आहे. विहिरीत अंधार असतो आणि दिवाणखान्यात उजेड असतो, असे डोळा सांगतो. डोळ्याची ही साक्ष खोटी आहे.

माणसाच्या डोळ्याचे सामर्थ्य असे की, भर उन्हातही त्याला वर्तमानपत्र वाचता येते आणि संध्याकाळी दिव्याखालीही वाचता येते. बाहुली लहानमोठी होते, पडद्यावरील पेशी आपली संवेदनक्षमता बदलतात, आणि उजेड शेकडो पटींनी उतरला तरी मनाला तो थोडासा मंदावल्यासारखाच वाटतो. वाचावयास हे उत्तम. मोजावयास मात्र निरुपयोगी. उजेड मोजण्याचे एकक लक्स. एक चौरस मीटर जागेवर एक ल्यूमेन प्रकाश सारखा पसरला, तर तेथे एक लक्स उजेड आहे असे म्हणतात. उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स असतात. त्याच वेळी इमारतीच्या सावलीत, पण उघड्या आकाशाखाली, दहा हजारांच्या आसपास. खिडकीच्या आतील कट्ट्यावर एक-दोन हजार. आणि खिडकीपासून नऊ-दहा फूट आत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात? शंभर-दीडशे. हल्लीच्या मोबाइलमध्ये उजेड मोजणारा एक लहान घटक असतोच. तो अगदी काटेकोर नसला तरी नातीने बरणीजवळ धरला तेव्हा एकशेवीस दाखविले, आणि गच्चीच्या सावलीत नऊ हजार.

आजींचा त्यावर विश्वास बसला नाही. बसण्याचे कारणही नव्हते. त्यांना दोन्ही ठिकाणी सारखेच स्पष्ट दिसत होते.

विहिरीचा विचार आता पुन्हा केला पाहिजे. विहिरीचे तोंड आकाशाकडे उघडे असते. दिवसभर त्या तोंडातून आभाळाचा उजेड खाली उतरतो, आणि मध्यान्हीच्या सुमारास, विशेषतः उज्जैनसारख्या गावी, ऊनही उतरते. कर्कवृत्ताला अगदी लागून असलेले हे नगर. येथील वेधशाळेत २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही शंकूची सावली नाहीशी झाल्यासारखी होते, आणि ती पाहावयास लोक जमतात. जी किरणे शंकूच्या माथ्यावर उभी पडतात, तीच विहिरीच्या तळापर्यंत जातात. शिवाय हंसराज सबंध विहिरीत सारखा कधीच नसतो. वरच्या थरांत तो दाट असतो, खाली विरळ होतो, त्याखाली हिरवे मखमली शेवाळ, आणि त्याहून खाली नुसता ओला दगड. गुहांच्या तोंडाशीही वनस्पतींचे असेच थर आढळतात. ज्या खोलीवर उजेड पुरेनासा होतो, तेथे हंसराज आपण होऊन थांबतो. आजींनी गड्डा काढला तो कठड्याखालून, तळातून नव्हे. अंधारात वाढणारी म्हणून ज्या वनस्पतीची ख्याती, ती प्रत्यक्षात दिवाणखान्याच्या कित्येक पट उजेडात वाढलेली होती.

याच संदर्भात काचबागेच्या जन्माची हकीकत मोठी बोधक आहे. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत असत. धुराने काजळलेल्या त्या भागात त्यांनी जोपासलेले नेचे मरून जात. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष, तो फुटताना पाहावा म्हणून, ओलसर मातीसह एका काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला. कोषाचे पुढे काय झाले हे बाजूला राहिले, पण त्या मातीतून एक नेचा आणि थोडे गवत उगवले, आणि पाण्याचा एक थेंबही न घालता ते सुमारे चार वर्षे जगले. दिवसा मातीतील ओल वाफ होऊन काचेवर साचे, आणि तीच परत खाली उतरे. ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. तिच्यातील एक तपशील मात्र बहुधा गाळला जातो. वॉर्डांनी ती बाटली आपल्या अभ्यासिकेच्या उत्तरेकडील खिडकीच्या बाहेर ठेवली होती. आत नव्हे, बाहेर. थेट ऊन नाही, पण आकाश उघडे. पुढे १८३३ साली त्यांच्या काचेच्या दोन पेट्या जहाजातून सिडनीला सुखरूप पोहोचल्या, त्याही जहाजाच्या पोटात ठेवून नव्हे, तर उघड्या डेकवर ठेवून. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून हिमालयाच्या उतारावर चहाची हजारो रोपे पाठविली, ती याच पेट्यांतून. आणि निलगिरीवरील सिंकोनाच्या लागवडीसही याच पेट्यांचा उपयोग झाला. हिंदुस्थानचा सकाळचा चहा काचेच्या पेटीतून आला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. हवा कोंडलेली चालते, पाणी तेच ते फिरून चालते. उजेड मात्र बाहेरूनच यावा लागतो.

तो कमी पडला की काय होते? झाडाचा जमाखर्च बिघडतो. उजेडात पान हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून साखर तयार करते. याला उजेडच लागतो, हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ साली दाखवून दिले. ही जमेची बाजू. पण झाड रात्रंदिवस श्वसनही करीत असते, आणि त्यात साखर खर्च होते. सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत साधारणतः काही शे लक्सच्या खाली जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी होत नाही. एकशेवीस लक्सच्या कोपऱ्यातील हंसराज आजारी नव्हता. तो रोज थोडाथोडा उपाशी राहत होता, आणि जुन्या पानांत साठविलेल्या शिलकीवर नवी पाने काढीत होता. खिडकीकडे लांबलेले ते बारीक देठ म्हणजे उजेडाच्या शोधात केलेला शेवटचा खर्च. अशा वेळी पाणी वाढविणे, खत घालणे, म्हणजे उपाशी माणसाला आंघोळ घालण्यासारखे आहे.

मग बरणी खिडकीत का ठेवू नये? ठेवता येईल, पण विचार करून. नानाखेड्यातील ज्या घराची खिडकी दक्षिणेकडे आहे, तेथे जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य माथ्यावर असल्यामुळे ऊन आत येतच नाही. उलट डिसेंबरात तो मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे त्रेचाळीस अंशांवरच चढतो आणि ऊन खोलीत लांबवर पसरते. थंडीत माणसाला ते सुखाचे वाटते. झाकण लावलेल्या बरणीत मात्र तेच ऊन तासाभरात भट्टी पेटविते, कारण काच ऊन आत घेते आणि उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. हंसराजाची पाने त्यात अक्षरशः शिजतात. पूर्वेची खिडकी वैशाखात नको, पश्चिमेची तर केव्हाच नको. उत्तरेची चालेल, पण आतील कट्ट्यावर, काचेला लागून; आणि पावसाळ्यातील झाकोळलेल्या दिवसांत तेथेही उजेड निम्म्याहून कमी होतो. ज्यांची उत्तरेची खिडकी शेजारच्या इमारतीने अडविली आहे, त्यांना दिव्यावाचून गत्यंतर नाही. आजींच्या घरची स्थिती हीच होती.

दिवा घ्यावयाचा म्हटल्यावर नातीने बाजारातील चित्रे पाहिली. झाडांसाठी म्हणून जांभळ्या उजेडाचे दिवे विकले जातात. पन्नास वॅट, शंभर वॅट असे मोठे आकडे त्यांवर असतात. त्या जांभळ्या रंगामागे शास्त्र आहे, हे नाकारता येत नाही. पानांतील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश अधिक शोषते. परंतु पान हिरवा प्रकाश मुळीच वापरीत नाही ही समजूत चुकीची आहे. त्याचाही बराचसा भाग पानाच्या आतल्या थरांत कामी येतो. शिवाय दिवाणखान्यात जांभळा दिवा लावल्यावर हिरवे पान काळपट दिसते, आणि ते पिवळे पडत आहे की कसे, हेच कळेनासे होते. ज्या वस्तूकडे रोज प्रेमाने पाहावयाचे, तिचा रंगच झाकून टाकणारा दिवा काय कामाचा? आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की, लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावरून ठरविलेले आहे. पांढऱ्या दिव्याखाली ते झाडालाही बऱ्यापैकी लागू पडते, जांभळ्याखाली पार फसते.

जुना तारेचा बल्ब तर यासाठी अगदीच अयोग्य. साठ वॅटच्या बल्बमधून मिळणारा उजेड जेमतेम सातशे ल्यूमेन. उरलेली जवळजवळ सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडे. बरणीजवळ आणला तर उजेडाआधी उष्णताच पोहोचावयाची. हे दुखणे एलईडीने दूर केले. निळा एलईडी साधल्याखेरीज पांढरा एलईडी शक्य नव्हता, आणि त्या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढऱ्या एलईडीत मुळात निळाच दिवा असतो; त्यावरील पिवळसर लेपामुळे त्याचा उजेड पांढरा होतो. भारतात २०१५ पासून उजाला योजनेमुळे नऊ वॅटचा एलईडी बल्ब घरोघरी पोहोचला. त्याच्या खोक्यावर बहुधा नऊशेच्या आसपास ल्यूमेन लिहिलेले असतात. खरेदी करताना वॅटपेक्षा हा आकडा वाचावा. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. ल्यूमेन म्हणजे तो किती उजेड देतो. रंगासाठी ६५०० केल्विन असे लिहिलेला, दिवसाच्या उजेडासारखा पांढरा बल्ब घ्यावा. पिवळसर बल्बनेही झाड जगते, फक्त त्यात निळा भाग कमी असल्यामुळे देठ थोडे लांबट होतात.

पण मुख्य प्रश्न दिव्याच्या निवडीचा नसून त्याच्या अंतराचा आहे, आणि येथेच पुष्कळांचे पैसे वाया जातात. नऊ वॅटचा हा बल्ब छताला लावला आणि बरणी त्याच्या खाली दोन मीटरवर असली, तर बरणीवर उजेड पडतो सुमारे पस्तीस-चाळीस लक्स. एक मीटरवर आणला, तर दीडशेच्या आत-बाहेर. अर्ध्या मीटरवर सुमारे सहाशे. पाव मीटरवर, म्हणजे एका वितीहून थोडे अधिक अंतरावर, चोवीसशेच्या आसपास! अंतर निम्मे केले की उजेड दुप्पट होत नाही, चौपट होतो. छतावर शंभर वॅटचा दिवा लावूनही जे साधणार नाही, ते नऊ वॅटच्या दिव्याने, तो खाली ओढून घेतला की साधते. लांब ट्यूबलाइटला हा हिशेब अगदी जवळून तंतोतंत लागू पडत नाही, तरी दिशा तीच. बल्बवर आतून पांढरा रंग दिलेली पत्र्याची टोपी बसविली, तर वर आणि बाजूला जाणारा उजेडही खाली वळतो आणि तीन हजारांचा टप्पा सहज गाठता येतो. हंसराज, नाजूक नेचे आणि शेवाळ यांना तीन ते पाच हजार लक्स, रोज बारा तास, हे मान चांगले.

तासांचाही उपयोग आहे. उजेड थोडा कमी असेल तर तो चौदा तास द्यावा. एकूण शिधा भरून निघतो. उज्जैनला जूनचा दिवस साडेतेरा तासांचा आणि डिसेंबरचा पावणेअकरा तासांचा, त्यामुळे बारा ते चौदा तास झाडाच्या अंगवळणी पडलेलेच आहेत. मात्र चोवीस तास दिवा जळत ठेवणे ही माया नव्हे. रात्र झाडालाही हवी असते. नऊ वॅटचा दिवा रोज बारा तास जळला तर महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास वीज लागते.

दिवा झाकणाला टेकवू नये. एलईडीचीही मागची बाजू तापते, आणि वैशाखात खोलीच मुळात तापलेली असते. आतून काचेवर दव साचले असेल तर ते पुसावे, बाहेरून धूळ पुसावी. स्वच्छ काचही दहाव्या हिश्श्याच्या आसपास उजेड अडविते, मग धुरकटलेली किती अडवीत असेल!

कृत्रिम दिव्यावर झाड खरोखर जगते काय, अशी शंका आजींनी घेतलीच. तिचे उत्तर ज्यांना झाडे नको होती, अशांच्या अनुभवातून मिळते. स्लोव्हेनियातील पोस्टोयना येथील गुहेत १८८४ पासून विजेचे दिवे आहेत. जेथे सूर्याचा किरण कधी पोहोचला नाही, तेथे दिव्यांभोवती हिरवी वर्तुळे उगवतात. अशा प्रकाशित गुहांतून शैवाल, शेवाळ, आणि दिव्याच्या अगदी जवळ नेचेसुद्धा आढळतात. जर्मन भाषेत या हिरवळीला लाम्पेनफ्लोरा, म्हणजे दिव्याची वनस्पती, असे नावच पडले आहे. फ्रान्समधील लास्को येथील गुहा १९४० साली सापडली; तिच्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीची बैलाघोड्यांची चित्रे. १९४८ पासून ती लोकांना खुली झाली, दिवे आले, प्रेक्षकांच्या श्वासातील वाफ आली, आणि चित्रांवर हिरवे डाग चढू लागले. १९६३ साली गुहा बंद करावी लागली. तेथे तो अनर्थ होता. बरणीत नेमका तोच हवा आहे.

अति उजेडाचीही खूण ओळखून ठेवावी. पाने फिकट पिवळी पडून कडा करपू लागल्या, किंवा काचेच्या आतून हिरवा चिकट थर फार वेगाने चढू लागला, तर दिवा चार बोटे वर घ्यावा. उजेड वाढविताना एकदम वाढवू नये. कोपऱ्यात महिनोन्‌महिने राहिलेल्या पानांना एका दिवसात तीन हजार लक्स सोसत नाहीत. पहिल्या आठवड्यात अर्धा मीटर, मग हळूहळू खाली.

आणि वाट पाहावी लागते. तपकिरी झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. ते कात्रीने कापून टाकावे. दिवा बरोबर लागला की नाही, हे जुन्या पानांना न विचारता नव्यांना विचारावे. गड्ड्याच्या मध्यापासून वर येणारा कोवळा अंकुर घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. तो उलगडताना देठ आखूड आणि काळाभोर, पाने दाट आणि एकमेकांवर टेकलेली आली, तर उजेड पुरतो आहे. लांब, फिकट देठ आला तर नाही. याला चार-सहा आठवडे लागतात.

आजींनी शेवटी दिव्याला संमती दिली, पण एका अटीवर. दिवा जांभळा नको, आणि रात्री दहानंतर तो मालविला गेला पाहिजे. नातीने तीस रुपयांची तार आणि एक जुनी पत्र्याची टोपी आणून दिवा बरणीवर पाव मीटरवर टांगला. आजी रोज सकाळी बरणीजवळ वाकून गड्ड्याच्या मध्याशी पाहत. पहिले तीन आठवडे तेथे काहीच नव्हते. चौथ्या आठवड्यात चुन्याच्या खपलीशेजारी, टाचणीच्या डोक्याएवढी, एक तांबूस गुंडाळी वर आलेली होती.